देवाच्या घरात भाडेकरू की लेकरू?

मुंबईत घर भाड्याने घ्यायचं म्हणजे अकरा महिन्यांचा करार. एजंटची दलाली, मालकाचं डिपॉझिट, पोलिस ठाण्यातली नोंद. भिंतीला खिळा मारायचा नाही, रात्री उशिरा पाहुणे आणायचे नाहीत. दहावा महिना उजाडला की पोटात गोळा येतो. मालक करार वाढवेल, की गावाहून पुतण्या येतोय म्हणून खोली मोकळी करायला सांगेल? भाडं कधी चुकवलं नाही, शेजाऱ्यांशी कधी वाजलं नाही, तरी त्या घरावर आपला हक्क म्हणून काही नसतो. आपण तिथे राहतो, एवढंच.

भायखळ्याच्या बाजूला आमची मराठी मंडळी आहे, म्हणजे आमचं चर्च. तिथे गेली बरीच वर्षं मी मुलांचा दृढीकरणाचा, म्हणजे जाणत्या वयात विश्वास कबूल करण्याच्या तयारीचा, वर्ग घेतो. उपासनेला परळहून एक तरुण येतो, तिशीच्या आतबाहेरचा. नेहमी शेवटच्या बाकावर बसतो. गीतं गातो, उपदेश मन लावून ऐकतो, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याची, वेळ झाली की उठून बाहेर जातो. एकदा मी त्याला जिन्यात गाठलं. म्हणाला, "काका, अजून दारू पूर्ण सुटलेली नाही. राग तर आहेच. थोडा सुधारलो ना, की येईन पुढे."

त्याच्या बोलण्यात मला तो अकरा महिन्यांचा करारच ऐकू आला. देवाच्या घरात राहायचं तर आधी वागणुकीचं डिपॉझिट भरायचं, आणि वर्ष चांगलं गेलं तर करार वाढेल. खरं सांगायचं तर मंडळीत जन्मलेली, बाप्तिस्मा झालेली, रविवारच्या शाळेत वचनं पाठ केलेली पुष्कळ माणसं आतून असंच जगत असतात. मीही जगलो आहे. म्हणून 'देवाची लेकरं' या दोन शब्दांचा अर्थ एकदा नीट उलगडून सांगावासा वाटला. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही तो कळावा, अशा बेताने लिहितो.

सगळेच देवाची लेकरं नाहीत का?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि तो रास्त आहे. विठोबाला माउली म्हणणाऱ्या मुलखात तर येणारच. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, याला दोन पातळ्यांवर उत्तर देतं. येशूचा प्रेषित पौल अथेन्सला गेला, तेव्हा अरीयपग या टेकडीवर जमलेल्या ग्रीक विद्वानांना त्याने त्यांच्याच कवीची ओळ ऐकवली, की आपण सारे देवाचा वंश आहोत. निर्मिती या अर्थाने प्रत्येक माणूस देवाचा आहे. कोणीही परका नाही, कोणाची किंमत कमी नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय मात्र पुढची गोष्ट सांगतो. ज्यांनी येशूचा स्वीकार केला, त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला गेला. मूळ ग्रीक शब्दातही अधिकाराचाच अर्थ आहे. जन्मदात्याशी रक्ताचं नातं असणं वेगळं, आणि त्याच्या घरात, त्याच्या नावाने, त्याच्या ताटात जेवणं वेगळं. बाप आहे पण घर तुटलं आहे, अशी कितीतरी माणसं आपण पाहतो. नातं तुटलेल्या मुलाला देव येशूच्या द्वारे घरात परत घेतो, असं ख्रिस्ती विश्वास सांगतो.

हे नेमकं घडतं कधी, यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. वसई-उत्तनच्या कॅथलिक घरात तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार झाला की ते देवाचं लेकरू झालं, असं मानतात. काही मंडळ्या म्हणतात, माणसाने जाणतेपणी विश्वास ठेवला पाहिजे आणि बाप्तिस्मा त्यानंतर घ्यावा. आमच्याकडे बाळाला बाप्तिस्मा देतात आणि जाणत्या वयात दृढीकरणाच्या वेळी ते मूल स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं. हा वाद जुना आहे आणि त्यात शिरायचा माझा इरादा नाही. नातं माणूस कमावत नाही, देव देतो, यावर तिघांचंही एकमत आहे.

पौलाचा शब्द: दत्तक

हे नातं समजावताना पौलाने जो ग्रीक शब्द वापरला, त्याचं मराठी बायबलमध्ये 'दत्तकपणा' असं भाषांतर झालं आहे. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिल्या गेलेल्या भागात, तो शब्द फक्त पाच वेळा येतो, रोमकरांस, गलतीकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत. या शब्दापाशी जरा थांबायला हवं, कारण मराठी माणसाला दत्तक ही गोष्ट शिकवावी लागत नाही.

रोमी समाजात दत्तक घेत ते बहुधा अनाथ बाळाला आसरा द्यायला नव्हे, तर घराण्याला वारस हवा म्हणून. कित्येकदा दत्तक पुत्र चांगला वाढलेला पुरुष असे. ज्युलियस सीझरने मृत्युपत्रात आपल्या बहिणीच्या नातवाला दत्तक घेतलं, आणि तोच पुढे ऑगस्टस म्हणून रोमचा पहिला सम्राट झाला. पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं इसवी सन 57 च्या सुमारास. तेव्हा गादीवर नीरो होता, आणि नीरोही दत्तकच. सम्राट क्लॉडियसने स्वतःचा पोटचा मुलगा असताना 50 साली त्याला दत्तक घेतलं होतं. म्हणजे रोमच्या गल्लीबोळांतल्या घरांत, गुलाम आणि मजूर जिथे एकत्र बसत, तिथे हे पत्र मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा दत्तक पुत्राला काय मिळतं हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवं नाव, नवा बाप, पूर्ण वारसा. पौल त्या गुलामांना सांगत होता की तुम्ही ख्रिस्ताबरोबर वारस आहात. ऐकताना त्यांच्या अंगावर काटा आला असेल.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर बडोद्याचं घ्यावं. 1875 साली महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतलं. शेतकरी घरातला मुलगा, लिहिण्यावाचण्याशी त्याचा फारसा संबंध आलेला नव्हता. दत्तकविधान झालं आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. मग शिक्षक नेमले गेले. भाषा, गणित, इतिहास, राज्यकारभार, घोड्यावर बसणं, दरबारात बोलणं, सगळं शिकणं सुरू झालं. तोवर कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. पूर्ण अधिकार हाती आले 1881 मध्ये.

दृढीकरणाच्या वर्गात मी ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि मुलांना विचारतो: अभ्यास चांगला केला म्हणून गोपाळ राजपुत्र झाला, की राजपुत्र झाला म्हणून अभ्यासाला बसला? मुलं क्षणभर गप्प होतात. ख्रिस्ती जीवनातला सगळा क्रम याच प्रश्नात आहे. आधी नातं, मग शिकणं. पहिल्या वर्षी त्याची कितीतरी गणितं चुकली असतील, पण त्यामुळे त्याला कोणी कवळाण्याला परत धाडलं नाही. आणि आता राजपुत्र झालोच आहोत तर शिकायचं कशाला, असं म्हणून तो बसूनही राहिला नाही.

या दत्तकाशी जोडलेली एक गोष्ट भारतातल्या ख्रिस्ती घरांना फार जवळून माहीत आहे. 1956 चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नव्हता. मूल घरी आणणाऱ्या ख्रिस्ती जोडप्याला बरीच वर्षं 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व घेता यायचं. मूल त्यांच्या हातचं जेवायचं, त्यांना आईबाबा म्हणायचं, पण कायद्याच्या नजरेत ते पोटच्या मुलासारखं नसायचं. वारसाहक्क आपोआप मिळत नसे आणि ते सज्ञान झालं की पालकत्व संपे. पुढे बाल न्याय कायद्याने वाट मोकळी केली, आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याखाली दत्तक घेता येतं, हे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

पालकत्व आणि दत्तक यांतला हा फरक गलतीकरांस पत्रातही आहे. पौल तिथे म्हणतो की पूर्वी आपण पालकांच्या आणि कारभाऱ्यांच्या ताब्यात होतो, पण आपल्याला पुत्रपण मिळावं म्हणून देवाने आपला पुत्र पाठवला. देवाने आपलं नुसतं पालकत्व घेतलेलं नाही. सज्ञान होताच मुदत संपेल अशी ही सोय नाही.

एक खुलासा. येशूलाही देवाचा पुत्र म्हणतात आणि आपल्यालाही, मग दोघांत फरक काय? ख्रिस्ती मंडळी पहिल्या शतकांपासून सांगत आली आहे की येशू स्वभावतःच पुत्र आहे, तो कधी पुत्र 'झाला' नाही. आपण त्याच्यामुळे पुत्र होतो. तो थोरला भाऊ, आणि घराचं दार त्याच्या हाताने उघडलं. आणि 'पुत्र' या शब्दाने मुलींनी स्वतःला बाहेर समजू नये. वारसा मुलाकडे जाणाऱ्या जगात पौल हा शब्द वापरतो आणि गलतीकरांस पत्रात दोनच ओळींनंतर म्हणतो की इथे पुरुष आणि स्त्री असा भेद नाही. म्हणजे मुलाचा म्हणून जो हक्क होता, तो मुलीच्याही हातात ठेवला. मराठीतला 'लेकरू' हा शब्द मला म्हणूनच फार आवडतो. तो मुलगा-मुलगी करत बसत नाही.

डिपॉझिट कोणी भरलं?

भाडेकरू मालकाला डिपॉझिट देतो. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात मराठी बायबल एक खास व्यवहारातला शब्द वापरतं: विसार. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. सौदा पक्का झाला की घेणारा आगाऊ रक्कम हातावर ठेवतो, तो विसार. इथे मात्र पैसे ठेवणारा हात देवाचा आहे. आपण वागणुकीचं डिपॉझिट भरून त्याच्या दारात उभे आहोत असं आपल्याला वाटत असतं, आणि तो म्हणतो, विसार मी दिला आहे, बाकीचं वतनही देणार आहे.

त्याच पत्रात शिक्क्याचीही भाषा आहे. शिक्का का लागतो, हे मराठी इतिहास वाचणाऱ्याला सांगायला नको. साताऱ्याचं आणि झाशीचं दत्तक कंपनी सरकारने मानलं नाही, आणि राज्यं खालसा झाली. दत्तकविधान कितीही रीतसर होवो, वरच्या सत्तेने नाकारलं की संपलं. आपलं दत्तकपण नाकारू शकेल अशी वरची सत्ताच नाही, कारण शिक्का त्या सर्वांत वरच्याने स्वतः उमटवला आहे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय याच खात्रीवर संपतो.

अब्बा, आणि आपला 'तू'

आमच्या मंडळीच्या मागच्या गल्लीतून पुढे गेलं की नागपाडा, मदनपुरा. रविवारी उपासना संपवून तिथून चालत जाताना कधीतरी वरच्या मजल्यावरून एखादं पोर खाली वाकून ओरडतं, "अब्बा! चाबी!" खाली स्कूटरवर बसलेला बाप वर पाहतो आणि किल्ली भिरकावतो. पोर ती झेलतं. येशूच्या तोंडचा अरामी शब्द 'अब्बा' आणि या पोराच्या तोंडचा 'अब्बा' कानाला अगदी सारखेच. नव्या करारात हा शब्द तीनदा येतो. एकदा गेथशेमाने बागेत, येशू मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थना करतो तेव्हा. उरलेल्या दोन वेळा पौल सांगतो की तीच हाक आता आपल्या तोंडी आली आहे. अब्बा हे तान्ह्या बाळाचं बोबडं बोलणं आहे असं पुष्कळदा सांगितलं जातं, पण ते तितकंसं बरोबर नाही. मोठी झालेली मुलंही बापाला अब्बा म्हणत. जवळीक आणि मान, दोन्ही त्या शब्दात आहेत.

यातला जवळिकीचा भाग आपल्या भाषेत फार सुंदर उतरला आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष जात नाही. माझ्या पिढीच्या मराठी घरांत आईला 'अगं आई, तू' आणि वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही'. वडिलांना तू म्हणायची माझी आयुष्यात हिंमत झाली नाही. ते कामावरून आले की आम्ही रेडिओचा आवाज कमी करायचो. आणि हेच आम्ही रविवारी उभे राहून काय म्हणतो? "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो." तुझे! मराठी बायबलमध्ये येशूच्या गोष्टीतला उधळ्या पुत्रसुद्धा बापाशी 'आपल्या' म्हणून अदबीने बोलतो, पण देवाशी बोलताना आपण सरळ 'तू' वर येतो. जो 'तू' घरात फक्त आईला मिळायचा, तो या बापाला मिळाला. भीती गेल्याशिवाय हे होत नाही. भीती बाळगायला लावणारा दासपणाचा आत्मा तुम्हांला मिळालेला नाही, असं पौल म्हणतो ते हेच.

त्या प्रार्थनेत 'माझ्या पित्या' नाही, 'आमच्या' आहे, हेही ध्यानात घ्यावं. घरात मी एकटा नाही.

दोन मुलगे, दोघेही चुकलेले

उधळ्या पुत्राचा दाखला लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे आणि बहुतेकांना माहीत आहे: बापाकडून आपला वाटा घेऊन घर सोडलेल्या धाकट्या मुलाची ती येशूने सांगितलेली गोष्ट. त्यातली एकच जागा दाखवतो. मुलगा परदेशात सगळं उडवून बसला, डुकरं चारायची वेळ आली, तेव्हा त्याने घरी जाऊन काय बोलायचं ते मनात जुळवलं. तीन वाक्यं होती: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोहोचल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, दुसरं बोलला. तिसरं बोललेलं शास्त्रात नाहीच. बापाने तोवर चाकरांना हाका मारायला सुरुवात केली होती: झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा.

तिसरं वाक्य बापाने ऐकूनच घेतलं नाही. आमच्या मंडळीत गिरणीत आयुष्य घालवलेले म्हातारे होते. पुष्कळांची मुळं नगर जिल्ह्यातली, मुंबईत आले ते गिरणीसाठी. सुरुवातीची वर्षं बदली कामगार म्हणून काढलेली. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घेतील, नाहीतर परत खोलीवर. त्यांतल्या एका आजोबांनी हा दाखला वाचून मला सांगितलं होतं, "पोरगा बापाकडं बदलीचं काम मागत होता रे. बापानं त्याला कायम केला." याहून चांगलं भाष्य मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

थोरला मात्र घरातच होता, आणि तो बापाला काय म्हणतो? "इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय." मुलगा असून चाकराचा हिशेब ठेवत होता. धाकट्याला बाहेर जाऊन चाकर व्हायचं होतं, थोरला घरात राहून चाकर झाला होता. आम्हा जुन्या मंडळीवाल्यांना धोका या दुसऱ्याचा जास्त आहे. किती वर्षं वर्ग घेतला, किती वर्षं खजिनदार होतो, किती दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, दिला, हे मोजायला लागलो की समजावं, आपण पुन्हा करारावर आलो.

मग वाढायचं कशाला?

कृपेने सगळं मिळालं असेल तर बदलायची गरजच काय, असं वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर दरवर्षी विचारतं. मी त्याला चाळीत घेऊन जातो.

मी वाढलो त्या चाळीत नळ पहाटे पाचला यायचा आणि पाऊण तासात जायचा. आमच्याकडे पाहुणे आले की आई त्यांना उठवू देत नसे. पाहुणे झोपलेले, डोक्यावरून पांघरूण घेतलेले. आणि मला मात्र खांद्याला धरून हलवायची: ऊठ, पाणी आलंय. कळशी, पिंप, घासलेली पितळी घागर, ओल्या जिन्यावरून तीन-तीन खेपा. राग यायचा. पाहुणा दहा दिवस राहिला तरी त्याला कोणी हंडा उचलायला सांगत नाही, कारण तो पाहुणा. मला उठवायची, कारण मी घरचा. इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय हेच सांगतो, की ज्याला बाप शिस्त लावत नाही असा कोणता पुत्र आहे? देव एखाद्या सवयीवर बोट ठेवतो, झोपेतून उठवतो, तेव्हा तो आपल्याला घराबाहेर काढत नसतो. घरचं समजत असतो.

शिष्य या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ शिकणारा. अंत्युखिया शहरात लोकांनी आपल्याला 'ख्रिस्ती' हे नाव ठेवलं, त्याआधी शिष्य हेच नाव होतं. शिकणारा चुकतो, ते गृहीतच आहे. पंडितांच्या भाषेत नीतिमान ठरवलं जाणं ही एकदाच घडणारी गोष्ट, आणि पवित्रीकरण ही आयुष्यभर चालणारी. साध्या भाषेत सांगायचं तर रेशन कार्डावर नाव एका दिवसात चढतं, पण घराचं वळण अंगी यायला वर्षं लागतात.

वळण येतं कसं? वचन वाचल्याने, प्रार्थनेने, प्रभुभोजनाने, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे आणि ते खरंच आहे. मी फक्त एवढंच म्हणेन की या गोष्टी हजेरीपट भरल्यासारख्या करू नयेत. पोर घरात भाषा शिकतं ते व्याकरण पाठ करून नाही, घरात बोलणं कानावर पडत राहतं म्हणून. आणि एकट्याने शिकतही नाही. वाढ मंडळीत होते, न पटणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून होते.

त्या वाढीची खूण म्हणजे चेहरेपट्टी. 'अगदी बापावर गेलाय' असं आपण म्हणतो ना, तसं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वैऱ्यांवर प्रीती करा, म्हणजे तुम्ही आपल्या स्वर्गातल्या पित्याचे पुत्र व्हाल, कारण तो आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवरही उगवतो. संध्याकाळच्या गर्दीत दादरला डब्यात घुसलेला माणूस कोपराने ढकलून, वर शिवी देऊन शेजारी उभा राहतो. कुर्ला येईपर्यंत त्याच्या पायाला कळ लागलेली दिसते. तेव्हा आपण आखडून बसून तिघांच्या बाकावर त्याला चौथी सीट करून द्यायची. हे जमलं तर त्यात बापाचा चेहरा थोडा दिसला. गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळाची यादी, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची, ती अशा चार इंच जागेत पिकते.

आणि जिथे ती पिकली नाही, तिथे ते कबूल करायला हवं. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं आणि पत्नी लक्ष्मीबाईंचं घर अनेक वर्षांसाठी दुभंगलं. नगरकडच्या गावकुसाबाहेरच्या कित्येक घरांनी ख्रिस्ती विश्वास धरला तो एका पंक्तीला बसवणाऱ्या बापासाठी. त्या लोकांना 'देवाचं लेकरू' हे गोड वाक्य नव्हतं. तू कोणाचा, कुठल्या जातीचा, या प्रश्नाला ते उत्तर होतं. असं असताना आजही आपल्यात सोयरीक जुळवताना हळूच 'मूळचे कोण' असं विचारलं जातं, तेव्हा मला लाज वाटते. एका बापाची लेकरं म्हणवून घ्यायचं आणि भावंडांच्या जाती विचारायच्या, हे वाढ खुंटल्याचं लक्षण आहे.

पडलो तर?

घरात भांडण झालं, मुलगा दार आपटून गेला, चार दिवस बापाशी बोलला नाही. नातं तुटलं का? नाही, बोलणं तुटलं. योहानाचं पहिलं पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे, आणि त्यात स्वच्छ म्हटलं आहे की आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो, पण पाप पदरी घेतलं तर तो क्षमा करायला विश्वासू आहे. कबुली ही पुन्हा दत्तक घ्यायची विनंती नसते. बोलणं पुन्हा सुरू करणं असतं ते. माणूस हट्टाने कायमचा पाठ फिरवू शकतो का, यावर मंडळ्यांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. पण पडलेल्याने उठून घराकडे यावं, यावर वाद नाही. दारूशी झगडणाऱ्या माणसाला मी हेही सांगतो की मदत घ्यायची लाज बाळगू नकोस. डॉक्टरकडे जा, व्यसनमुक्तीच्या सभेला जा, घरचे सोबत आहोत.

काहींना 'पिता' या शब्दानेच दुखतं. वर्गातल्या एका मुलीने मला सांगितलं होतं की प्रार्थनेतला पहिलाच शब्द तिच्या तोंडून निघत नाही, कारण घरी बाप आला की ती मोरीत लपायची. तिला मी वाद घालून काही पटवलं नाही. स्तोत्रसंहितेतलं सत्ताविसावं स्तोत्र वाचायला दिलं, आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर जवळ घेईल असं सांगणारं. आणि बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातली ती जागा, जिथे आई मुलाचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन, असं देव म्हणतो. पुष्कळ दिवस ती मनात 'माउली' म्हणूनच प्रार्थना करायची. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलंच आहे. देव आपल्या बापासारखा आहे असं शास्त्र म्हणत नाही. बाप कसा असायला हवा होता, हे तो आहे.

योहान लिहितो, आपण आताच देवाची मुलं आहोत, पुढे काय होऊ ते अजून उघड झालेलं नाही. 'आताच' हा शब्द मी त्या परळच्या तरुणाला वहीत लिहून दिला होता. त्याने कागद घडी करून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला.

गेल्या महिन्यातल्या रविवारी प्रभुभोजन होतं. तो त्या दिवशीही पुढे आला नाही, पण उठून बाहेरही गेला नाही. शेवटच्या बाकावर डोकं खाली घालून बसून राहिला. उपासना संपली, चहा झाला, माणसं पांगली. मी गीतांची पुस्तकं गोळा करत होतो. मागे नळाचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर हा बाह्या वर करून चहाचं मोठं पातेलं घासत होता. धुऊन झालं तसं ते पालथं धरून त्याने विचारलं, "काका, हे कुठं ठेवतात आपल्यात?"